‘केदार’ शिकताना मराठीतलं ‘राहणं’ हाताशी ठेवा

स्पॅनिशमध्ये एक क्रियापद आहे, त्याचा उच्चार ‘केदार’. लिहिताना क्यू, यू, ई, डी, ए, आर अशी सहा अक्षरं येतात आणि त्यातला यू मुका राहतो. जोर ‘दार’वर द्यायचा. ‘द’ अगदी हलका म्हणायचा, जीभ दातांना टेकते न टेकते एवढाच. सांगलीत गल्लीगल्लीत एक तरी केदार सापडतो, त्यामुळे शब्द पाठ करायला काहीच कष्ट नाहीत. कष्ट पडतात ते अर्थापाशी.

कोश उघडला की या एका क्रियापदापुढे उरणे, थांबणे, अमुक ठिकाणी असणे, अंगाला बसणे, ठरणे, भेटणे, होणे अशी लांबलचक रांग दिसते. बहुतेक विद्यार्थी ही रांग इंग्रजी अर्थांसह वहीत उतरवतात आणि पाठ करायला बसतात. मग बोलायची वेळ आली की कुठला अर्थ कुठे, हे काही केल्या आठवत नाही. त्यापेक्षा आधी रोजच्या बोलण्यातली ही वाक्यं बघा. ‘दूध राहिलंय का थोडं?’ ‘लग्नाला आठ दिवस राहिले.’ ‘दोन पानं वाचायची राहिलीत.’ ‘छत्री तुझ्याकडेच राहिली.’ ‘सुटे राहू द्या.’ ‘हे आपल्यातच राहू दे.’ या सगळ्या ठिकाणी स्पॅनिश माणूस ‘केदार’च वापरतो. इंग्रजीत या सगळ्या वाक्यांना एकच क्रियापद पुरत नाही. म्हणजे मराठी माणसाकडे अर्धा धडा तयारच असतो. इंग्रजीच्या वाटेने गेल्यामुळे तो हातचा जातो, आणि ते फार वाईट वाटतं.

पुढच्या उदाहरणांसाठी एक खूण ठरवून घेऊ. ‘केदो’ हा उच्चार दोन रूपांचा आहे. जोर ‘के’वर असेल तर ‘मी राहतो’, आणि जोर ‘दो’वर असेल तर ‘तो राहिला’. लिहिताना स्पॅनिशमध्ये दुसऱ्या रूपातल्या ओवर तिरकी रेघ येते. इथे अशा शेवटच्या जोरासाठी ऽ लावला आहे: केदो म्हणजे राहतो, केदोऽ म्हणजे राहिला. सी आणि झेडचे उच्चार लॅटिन अमेरिकेतल्या पद्धतीने ‘स’ लिहिले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात तिथे ‘थ’सारखा, जीभ दातांमध्ये धरून काढलेला आवाज ऐकू येईल.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘क्विएतारे’, म्हणजे शांत करणे, स्वस्थ करणे. हालचाल थांबली की वस्तू जागच्या जागी राहते. बाकीचं निघून गेलं आणि ती राहिली, म्हणजे ती उरली. चर्चा थांबली आणि एक गोष्ट कायम राहिली, म्हणजे ती ठरली. सगळे अर्थ या एका मुळाला धरून आहेत. संचारबंदीला स्पॅनिशमध्ये ‘तोके दे केदा’ म्हणतात. रात्र झाली, आता आपापल्या घरी स्वस्थ बसा, असं सांगणारा हा टोल. तिथली ‘केदा’ याच घराण्यातली.

आता पहिला आणि सगळ्यात जास्त लागणारा अर्थ: शिल्लक राहणे.

‘केदा लेचे’, दूध राहिलंय. ‘केदान त्रेस वेवोस’, तीन अंडी राहिलीत. दूध एक म्हणून ‘केदा’, अंडी अनेक म्हणून ‘केदान’. जे राहतं तोच कर्ता, आणि क्रियापद त्याच्यामागून चालतं. कोणाकडे राहिलंय हे सांगायचं असेल तर आधी ‘मे’ (मला, माझ्याकडे), ‘ते’ (तुला), ‘ले’ (त्याला, तिला, तुम्हाला), ‘नोस’ (आम्हाला, आपल्याला), ‘लेस’ (त्यांना) यांपैकी एक ठेवायचं. ‘मे केदान स्येन रुप्यास’, माझ्याकडे शंभर रुपये राहिलेत. मराठीतही ‘राहिलेत’ हे रुपयांच्या मागून जातं, माझ्या मागून नाही. इंग्रजीच्या सवयीने मात्र ‘मी’पासून वाक्य सुरू होतं आणि ‘यो केदो स्येन रुप्यास’ असं काहीतरी तोंडातून जातं. हे चूक आहे. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आंबा कर्ता आहे, हे शाळेतल्या व्याकरणात आपण शिकलेलो असतो. ‘मे केदान’ची रचना तीच आहे.

वेळ आणि अंतर यांनाही हेच लागू. ‘केदान दोस दीआस पारा ला बोदा’, लग्नाला दोन दिवस राहिले. एसटीत बसल्यावर ‘अजून किती राहिलंय?’ असं आपण विचारतो, ते स्पॅनिशमध्ये दोनच शब्दांत होतं: ‘क्वांतो केदा?’

काम राहिलं असेल तर मध्ये ‘पोर’ घालायचं आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘मे केदान दोस पाखिनास पोर लेएर’, माझी दोन पानं वाचायची राहिलीत. ‘केदा मुचो पोर आसेर’, बरंच करायचं राहिलंय. मराठीतला ‘-यचं’ म्हणजे इथला ‘पोर’, असं समजून चाललं तरी वाक्य बिनचूक बनतं. नाइलाजाचं वाक्यही याच घरातलं: ‘नो मे केदा मास रेमेद्यो के इर’, जाण्यावाचून मला इलाज उरला नाही.

इथे एका ठिकाणी मराठी थोडी फसवते. कार्यात जेवण उरलं, असं आपण दोन वेगळ्या परिस्थितींत म्हणतो. पंगत अजून चालू आहे आणि पातेल्यात भात आहे, तिथे ‘केदा’. सगळ्यांचं पोटभर झालं, गरजेपेक्षा जास्त केलं होतं म्हणून पातेली भरून राहिली, तिथे ‘सोब्रार’ हे दुसरं क्रियापद लागतं: ‘सोब्रोऽ मुचा कोमीदा’. ‘केदा’मध्ये फक्त अजून आहे एवढंच कळतं. जास्तीचं झालं हे ‘सोब्रार’ सांगतं.

आता या क्रियापदाची जी जागा सगळ्यात जास्त चुकते, तिच्याकडे नीट बघू. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा.

‘मे केदा ऊना काखा.’
‘मे केदो ऊना काखा.’

फरक एकाच स्वराचा. ‘काखा’ म्हणजे पेटी. बेदाण्याच्या व्यापारातली पेटी समजा. पहिल्या वाक्याचा अर्थ ‘माझ्याकडे एक पेटी राहिलीय’, म्हणजे माल संपत आलाय. दुसऱ्याचा अर्थ ‘मी एक पेटी ठेवून घेतो’, म्हणजे मी घेणारा. विकणाऱ्याने पहिलं म्हणायच्या ऐवजी दुसरं म्हटलं तर समोरचा गोंधळून जाईल, कारण विकायला आलेला माणूस पेटी स्वतःकडे ठेवून घेतोय असं त्याला ऐकू येतं.

दोन्हीकडे ‘मे’ आहे, पण ते दोन वेगळे ‘मे’ आहेत. पहिला ‘मे’ म्हणजे ‘मला, माझ्याकडे’. तिथे कर्ता पेटी. दुसरा ‘मे’ कर्त्याकडेच परत वळतो. तिथे कर्ता मी. कुठला ‘मे’ कुठला हे त्या ‘मे’कडे बघून कळत नाही, क्रियापदाच्या शेपटीकडे बघून कळतं. शेवटी ‘ओ’ असेल तर राहणारा मी. शेवटी ‘आ’ किंवा ‘आन’ असेल तर राहणारी वस्तू. वाचताना किंवा ऐकताना आधी शेपूट पकडायची, मग ‘मे’चा अर्थ लावायचा. ‘तू’च्या बाबतीतही असंच: ‘ते केदा’ म्हणजे तुझ्याकडे राहिलंय, ‘ते केदास’ म्हणजे तू राहतोस. ‘तो, ती’च्या वेळी ही अडचण येत नाही, कारण तिथे शब्दच वेगळे आहेत: ‘ले केदा’ (त्याच्याकडे राहिलंय) आणि ‘से केदा’ (तो राहतो).

रूपं चालवायला सोपी आहेत. ‘मे केदो, ते केदास, से केदा, नोस केदामोस, ओस केदाइस, से केदान.’ पाचवं रूप स्पेनमध्येच चालतं. लॅटिन अमेरिकेत तिथेही सहावंच वापरतात. काही क्रियापदांत मधला ‘ए’ फुटून ‘ये’ होतो, पण केदारमध्ये तसं काही होत नाही. तरीही ‘क्येदो’ असं म्हणणारे भेटतात. ‘केरेर’ (हवं असणे) या क्रियापदाचं ‘क्येरो’ डोक्यात असतं आणि ते इथे येऊन चिकटतं. लिहिताना दोन्ही क्यूने सुरू होतात, म्हणून हा घोटाळा होतो.

‘मे केदो’ची पहिली जागा म्हणजे थांबणे, न जाणे. ‘मे केदो एन कासा’, मी घरीच थांबतो. 2020 साली स्पेनमध्ये टाळेबंदीच्या काळात जिकडेतिकडे ‘केदाते एन कासा’ ऐकू यायचं: घरीच राहा. (इथे जोर ‘के’वर.) हे ‘तू’ला उद्देशून. मान देऊन सांगायचं तर ‘केदेसे’. दुकानदार, डॉक्टर, अनोळखी मोठी माणसं यांच्याशी ‘केदेसे’ म्हणावं. आपण ‘थांब’ आणि ‘थांबा’मध्ये जेवढा फरक करतो, तेवढाच.

आणि इथेच मराठीचा दुसरा खड्डा आहे, पहिल्यापेक्षा खोल. ‘मी सांगलीत राहतो.’ हे ‘मे केदो एन सांगली’ होत नाही. बिऱ्हाड, घर, वस्ती या अर्थाचं राहणं म्हणजे ‘बीबीर’: ‘बीबो एन सांगली’. ‘मे केदो एन सांगली’ म्हटलं की समोरच्याला ऐकू येतं, ‘मी सांगलीतच थांबतो, तुम्ही व्हा पुढे.’ पुण्याला निघालेल्या गाडीपाशी उभं राहून म्हणायचं वाक्य आहे ते. कसोटी सोपी आहे. ‘राहतो’च्या जागी ‘थांबतो’ किंवा ‘मुक्काम करतो’ घालून बघा. वाक्य टिकलं तर केदार, नाही टिकलं तर बीबीर. ‘मी मावशीकडे तीन दिवस राहिलो’ यात ‘मुक्काम केला’ चालतं, म्हणून ‘मे केदेऽ त्रेस दीआस’. ‘आम्ही विश्रामबागेत राहतो’ यात चालत नाही, म्हणून ‘बीबीमोस’.

‘कोन’ (सोबत) जोडलं की अर्थ होतो ठेवून घेणे. दुकानात चार वस्तू बघून झाल्यावर ‘मे केदो कोन एस्ते’ म्हणजे ‘हा घेतो’. रिक्षावाल्याला किंवा वेटरला ‘केदेसे कोन एल कांब्यो’ म्हणजे ‘सुटे राहू द्या’. मराठीत ‘राहू द्या’ म्हणताना आपण नेमकं हेच क्रियापद वापरतो, पण ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गुपिताच्या बाबतीतही तसंच: ‘के केदे एन्त्रे नोसोत्रोस’, हे आपल्यातच राहू दे. ‘केदा’चं ‘केदे’ झालं की ‘राहतं’चं ‘राहू दे’ होतं. स्पेनमधल्या बोलण्यात ‘ते एस्तास केदांदो कोनमीगो?’ असा एक प्रयोग कानावर येईल. शब्दशः बघितलं तर काही बोध होत नाही. अर्थ आहे, ‘माझी फिरकी घेतोयस का?’

विसरलेल्या वस्तूचं वाक्य मात्र स्वतंत्रपणे शिकण्यासारखं आहे. ‘से मे केदोऽ एल पाराग्वास एन तु कासा’, माझी छत्री तुझ्या घरी राहिली. ‘मी छत्री विसरलो’ असा कबुलीजबाब इथे नाही. छत्री आपणहून राहिली, आणि त्याची झळ मला लागली, एवढंच. ‘से’ छत्रीचा, ‘मे’ माझा. क्रम कायम ‘से’ आधी, ‘मे’ नंतर. ‘मे से’ म्हटलं की वाक्य बिघडलं. दुसऱ्या कोणाची वस्तू राहिली तर ‘से ते’, ‘से ले’. मराठीत ‘छत्री राहिली माझी’ म्हणताना दोष जसा हळूच छत्रीकडे सरकतो, तसाच इथेही. त्यामुळे मराठी माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही, फक्त ‘हेच ते’ म्हणून दाखवावी लागते. इंग्रजीतून येणाऱ्याला याच ठिकाणी खूप वेळ लागतो.

बदललेली अवस्था सांगायलाही ‘केदारसे’ येतं (शेवटी ‘से’ लावलं की हे स्वतःकडे वळणारं रूप). काहीतरी घडलं किंवा काहीतरी गेलं, आणि माणूस त्या अवस्थेत राहिला, असा भाव. ‘से केदोऽ स्येगो’, तो आंधळा झाला. ‘से केदोऽ काय्यादा’, ती गप्प झाली. विशेषण माणसाप्रमाणे बदलतं: तो ‘काय्यादो’, ती ‘काय्यादा’. ‘से केदोऽ दोर्मीदा’ म्हणजे तिला झोप लागली. पण सकाळी उशिरा आलेल्या माणसाने ‘मे केदेऽ दोर्मीदो’ म्हटलं तर अर्थ ‘जागच आली नाही’. प्रसंगावरून समजून घ्यायचं.

‘सिन’ म्हणजे ‘वाचून, शिवाय’. ते जोडलं की ‘संपलं’: ‘मे केदेऽ सिन बातेरीआ’, माझ्या मोबाईलची बॅटरी संपली. ‘मे केदेऽ सिन गासोलीना’, पेट्रोल संपलं. मराठीत बॅटरी संपते, पेट्रोल संपतं, वस्तू कर्ता असते. स्पॅनिशमध्ये इथे ‘मी’ कर्ता आहे: मी बॅटरीवाचून राहिलो. म्हणून शेवटी ‘केदेऽ’ (मी राहिलो). मराठीतून भाषांतर करताना ‘केदोऽ’ येण्याचा धोका इथे असतो. ‘मे केदेऽ कोन गानास’ हे मात्र पुन्हा आपल्या जवळचं: इच्छा राहून गेली.

ठिकाण सांगताना केदार फक्त न हलणाऱ्या गोष्टींना लावायचं. गाव, देऊळ, स्टेशन, पूल. ‘दोंदे केदा एल तेंप्लो दे गानेश?’, गणपतीचं देऊळ कुठे आलं? ‘मिरज केदा सेर्का दे सांगली’, मिरज सांगलीजवळ आहे. किल्ल्या कुठे आहेत, भाऊ कुठे आहे, असं विचारायला केदार चालत नाही. तिथे ‘एस्तार’ हवं. ‘दोंदे केदा’ ही रीत लॅटिन अमेरिकेत जास्त, स्पेनमध्ये देवळालाही बहुधा ‘दोंदे एस्ताऽ’ म्हणतात. पण ‘मे केदा लेखोस’ दोन्हीकडे चालतं, आणि त्याला मराठीत तयार वाक्य आहे: ‘मला लांब पडतं.’ हरिपूरला राहणाऱ्याला मिरजेतला क्लास लांब पडतो, तो अगदी हाच अर्थ. अंतर तेवढंच असतं, पण कोणाच्या बाजूने मोजलं ते ‘मे’, ‘ते’, ‘ले’ सांगतात.

कपड्यांच्या बाबतीत ‘मे केदा’ म्हणजे मला बसतं, मला दिसतं, मला होतं. ‘मे केदा ग्रांदे’, मला मोठं होतंय. ‘ला फाल्दा मे केदा कोर्ता’, स्कर्ट मला आखूड होतोय. ‘लोस सापातोस मे केदान पेकेन्योस’, बूट मला लहान होतायत. विशेषण कपड्याप्रमाणे बदलतं, कारण कर्ता कपडा आहे. ‘छान दिसतं’ म्हणायला मात्र ‘ब्येन’ लागतं आणि ते कधीच बदलत नाही. ‘ते केदा ब्येन’, मग साडी असो की शर्ट. ‘ते केदा ब्वेनो’ (ब्वेनो म्हणजे चांगला) म्हणायचा मोह टाळायचा. पण ‘ब्वेनो’ची एक जागा आहे, आणि ती स्वयंपाकघरात आहे: ‘एल आर्रोस ते आ केदादो ब्वेनीसिमो’, भात फार सुरेख झालाय तुझा. केलेलं काम कसं जमून आलं, हे सांगणारं हे वाक्य आहे. कोणाच्या घरी जेवलात तर हे एक वाक्य तरी म्हणाच, पानावर बसवणाऱ्याला बरं वाटतं.

आता ‘ठरणे’. स्पेनमधल्या माणसांशी बोलायचं असेल तर हा भाग नीट करून घ्यावा, कारण तिथे मित्रमंडळींचं भेटणं बहुतेक याच क्रियापदाने ठरतं. ‘केदामोस मान्याना?’, उद्या भेटायचं? ‘ए केदादो कोन आना’, आनाशी भेटायचं ठरलंय. यात ‘मे’ येत नाही. ‘मे ए केदादो कोन आना’ म्हटलं तर ‘मी आनाबरोबर थांबलो’ किंवा ‘मी आनाला निवडलं’ असं काहीतरी होतं, आणि नको तो गैरसमज उभा राहतो. रस्त्यात अचानक गाठ पडली तर केदार लागत नाही, आधी ठरलेलं असलं पाहिजे. दवाखान्याची किंवा कचेरीची वेळ घेतली असेल तर ‘तेनेर सीता’, तिथेही केदार नाही. लॅटिन अमेरिकेत भेटण्यासाठी ‘बेरसे’ किंवा ‘एंकोंत्रारसे’ जास्त ऐकू येतं.

‘एन’ जोडल्यावर पुढे काय आहे ते बघायचं. पुढे ठिकाण असेल तर भेटीची जागा: ‘केदामोस एन एल प्वेंते’, पुलावर भेटू. पुढे क्रिया असेल तर ठराव: ‘केदामोस एन बेर्नोस एल लूनेस’, सोमवारी भेटायचं ठरलं. मेक्सिको, कोलंबिया, चिली इकडे याच अर्थाने ‘केदामोस दे बेर्नोस’ म्हणतात. बोलणं लांबत चाललं आणि निर्णय होईना, की ‘एन के केदामोस?’ असं विचारतात. आपलं ‘मग काय ठरलं शेवटी?’

‘केदामोस’ हे रूप वर्तमान आणि भूत दोन्हींसाठी एकच आहे. ‘केदामोस आ लास सिंको’ म्हणजे ‘पाचला भेटू’ किंवा ‘पाचला भेटायचं ठरलं होतं’. फोनवर हे ऐकलं तर सोबत ‘आयेर’ (काल) किंवा ‘मान्याना’ (उद्या) आहे का, ते टिपायचं. आणि सांगलीहून स्पेनशी बोलत असाल तर पाच कोणाचे, हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नये. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत साडेचार तास पुढे असतो. बाकीच्या महिन्यांत साडेतीन तास, कारण तिथे घड्याळं एक तास पुढे करतात. माद्रिदचे संध्याकाळचे पाच म्हणजे जानेवारीत आपले रात्रीचे साडेनऊ आणि जूनमध्ये साडेआठ. ‘आ लास सिंको, ओरा एस्पान्योला’ (स्पेनच्या वेळेने पाच) एवढे दोन शब्द जास्त बोलले की चूक टळते. द्राक्षं, बेदाणा, हळद बाहेर पाठवणाऱ्यांनी तर हे शब्द फोनजवळच लिहून ठेवावेत.

चारचौघांत कसं दिसलं, यालाही केदारच. ‘केदार ब्येन’ म्हणजे बरं दिसणे, मान राखणे. ‘केदार माल’ म्हणजे शोभा जाणे. ‘केदेऽ माल कोन मिस स्वेग्रोस’, सासू-सासऱ्यांपुढे माझं बरं दिसलं नाही. रिकाम्या हाताने कोणाकडे जेवायला गेलं की आपल्याला जे वाटतं, ते हे. स्पर्धेतला क्रमांकही: ‘केदोऽ सेगुंदा’, ती दुसरी आली. आणि सरकारी पाटीवर ‘केदा प्रोइबीदो फुमार’, धूम्रपानास मनाई आहे.

सरावासाठी एक पद्धत उपयोगी पडते. रोज पाच वाक्यं लिहायची, स्पॅनिशमधून नाही, स्वतःच्या घरातल्या बोलण्यातून पकडलेली. ज्यात ‘राहिलं’, ‘उरलं’, ‘ठरलं’, ‘लांब पडतं’, ‘मोठं होतं’ आलंय अशी. प्रत्येकात जे राहतं त्याच्याखाली रेघ मारायची, मगच स्पॅनिश लिहायचं. रेघ मारल्याशिवाय भाषांतर करायला घेतलं की शेपूट चुकते. दोन आठवड्यांत सत्तर वाक्यं होतात, आणि तोवर ‘मे केदा’ आणि ‘मे केदो’ यांच्यात अडखळणं बरंच कमी होतं.

शेवटी एक संवाद घेऊ. कापड पेठेतल्या दुकानात स्पेनहून आलेला पाहुणा शिरलाय आणि दुकानदाराला स्पॅनिश येतं, असं समजा.

पाहुणा विचारतो, ‘ले केदान कामीसास दे आल्गोदोन?’ सुती शर्ट राहिलेत का तुमच्याकडे? राहणारे शर्ट, अनेक, म्हणून ‘केदान’. मान म्हणून ‘ले’. दुकानदार म्हणतो, ‘सोलो मे केदान दोस’, दोनच राहिलेत. पाहुणा एक अंगात घालून बघतो: ‘एस्ता मे केदा ग्रांदे’, हा मला मोठा होतोय. आता एकच शर्ट, म्हणून ‘केदा’. दुकानदार दुसरा पुढे करतो: ‘ला ओत्रा ले केदा मुइ ब्येन’, हा दुसरा तुम्हाला छान बसतोय. ‘प्वेस मे केदो कोन ला ओत्रा’, मग हाच घेतो. इथे शेपूट ‘ओ’ झाली, कर्ता शर्टावरून पाहुण्याकडे आला. पैसे देताना तो म्हणतो, ‘केदेसे कोन एल कांब्यो.’ सुटे राहू द्या. मग निघता निघता विचारतो, ‘ला एस्तास्योन केदा लेखोस?’ स्टेशन लांब पडतं का? दुकानदार हाताने रस्ता दाखवतो, पाहुणा पायऱ्या उतरतो, आणि मागून हाक येते:

‘ओइगा, के से ले केदा एल पाराग्वास!’

अहो, छत्री राहिली तुमची!